सेलेस्ट खेळणाऱ्या सातारा-सांगलीकरांनो, कुठं अडकलाय?

कृष्णाकाठचा_गडी (सांगली)

नमस्कार मंडळी. सेलेस्ट या व्हिडिओ गेमबद्दल आपल्याकडची पोरं दोनच वाक्यं बोलतात: "लय भारी" आणि "लय अवघड". दोन्ही खरी, पण त्यानं अडकलेल्याची खोली काही सुटत नाही. म्हणून हा धागा. मतं मांडा, भांडा, पण कुठली खोली, कुठलं बटण, काय चुकतं ते नीट लिहा.

नव्यांसाठी थोडक्यात: मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांचा खेळ, जानेवारी २०१८ ला आला. त्याचं मूळ २०१६ मध्ये पिको-८ (छोटे खेळ बनवायचं सॉफ्टवेअर) वर चार दिवसांत केलेल्या छोट्या खेळात आहे. तो आख्खा छोटा खेळ मोठ्या खेळात तिसऱ्या चॅप्टरच्या हॉटेलात लपवून ठेवलाय. मॅडलीन नावाची मुलगी डोंगर चढते. बटणं तीन: उडी, डॅश (एका दिशेनं मारलेली झेप), पकड. चित्र ३२० बाय १८० पिक्सेलचं, एक चौकोन ८ पिक्सेलचा. मेलात की त्याच खोलीच्या दारात उभे, क्षणभरात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा खेळ चोरून खेळाडूच्या बाजूनं पंचगिरी करतो. काठ सोडून गेल्यावर साधारण ०.१ सेकंद, म्हणजे सहा फ्रेम (सेकंदाला ६० चित्रं, त्यातली सहा), उडी मान्य होते. जमिनीला टेकण्याआधी ०.०८ सेकंद दाबलेली उडी लक्षात ठेवून टेकताच दिली जाते. उडीच्या शेंड्याला बटण दाबून धरलं तर तेवढ्यापुरतं गुरुत्वाकर्षण निम्मं होतं. वर जाताना डोकं कोपऱ्याला चार पिक्सेलपर्यंत अडकत असेल तर खेळ तुम्हाला हळूच बाजूला सरकवतो. भिंतीला चिकटलेले नसलात, दोन-तीन पिक्सेल लांब असलात, तरी भिंतीवरची उडी मिळते. एवढं सगळं पदरात घालूनही माणूस मरतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो: दिशेचं बटण उशिरा सुटलं, किंवा डॅश नको तिथं खर्चला.

पिक्सेलपंत (सातारा)

+१. त्यात एक भर. डॅश दाबल्यावर खेळ तीनेक फ्रेम थिजतो आणि दिशा त्यानंतर वाचतो. म्हणजे डॅश आधी आणि दिशा किंचित मागून आली तरी चालतं. उलट केलंत, दिशा दाबून डॅशच्या आधीच सोडलीत, तर तोंड असेल तिकडं सरळ आडवा डॅश जातो. तिरपा डॅश चुकण्याचं निम्मं कारण हेच. आधी दोन्ही दिशा धरा, मग डॅश, आणि मॅडलीनच्या मागं तिची छाया उमटेपर्यंत दिशा सोडू नका.

काट्यांचंही असंच. काटे ज्या बाजूला तोंड करून आहेत त्याच दिशेनं तुम्ही सरकत असाल, तर ते लागत नाहीत. जमिनीवरच्या काट्यांच्या शेजारून वर उसळताना अंग घासलं तरी जगता, खाली येताना घासलं की संपलं. बऱ्याच बी-साइड (चॅप्टरची जास्त अवघड आवृत्ती) खोल्या या एका नियमावर उभ्या आहेत, आणि खेळ तो कुठंही लिहून दाखवत नाही.

कराडी_अस्वल

हे सगळं बरोबर आहे, पण आपल्याकडं निम्म्या लोकांची अडचण खेळात नसून कीबोर्डात असते. दुकानात तीन-चारशेला मिळणाऱ्या कीबोर्डावर ठराविक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पोचतच नाही. सेलेस्टची मूळ मांडणी: बाण दिशेला, सी उडी, एक्स डॅश, झेड पकड. आता वर-उजवीकडं तिरपा डॅश म्हणजे वर + उजवा + एक्स, आणि भिंत धरलेली असेल तर शिवाय झेडही. चार बटणं एकदम.

तपासायची रीत: पहिल्याच चॅप्टरमध्ये मोकळी जागा बघा. उजवीकडं पळत उडी मारा आणि वर-उजवा-एक्स एकत्र. दहा वेळा करा. मग हेच डावीकडं. एका बाजूला दहाच्या दहा आणि दुसऱ्या बाजूला चार-पाचच तिरपे गेले, तर बोटं ठीक आहेत, कीबोर्ड बटण गिळतोय. उपाय फुकट: सेटिंगमध्ये जाऊन दिशा डब्ल्यू-ए-एस-डीवर आणि उडी, डॅश, पकड जे-के-एलवर टाका, पुन्हा तेच तपासा. कुठली बटणं आपसात भांडतात ते कीबोर्डागणिक वेगळं असतं, म्हणून दोन-तीन मांडण्या करून बघाव्या लागतात. पकड शिफ्टवर टाकली तर बहुतेक ठिकाणी जमतं, पण मग विंडोजचं स्टिकी कीज आधी बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबलं की खोलीच्या मधोमध चौकट उघडते.

मिरजेची_सतार

कंट्रोलरवाल्यांनी काठी (स्टिक) सोडून चार दिशांचं बटण वापरावं, निदान सहाव्या चॅप्टरपर्यंत. डॅशच्या दिशा आठच आहेत. काठी थोडी तिरकी राहिली की सरळ वरचा डॅश तिरपा होतो, आणि अरुंद बोगद्यात तो थेट काट्यात जातो. अपवाद पिसाचा. सहाव्यात पीस घेतल्यावर मॅडलीन उडते तेव्हा काठीच बरी, वळणं गोल येतात.

आणि टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड चालू करा. ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. टीव्हीनं चित्र सुंदर करण्यात पाच-सहा फ्रेम खाल्ल्या तर वर सांगितलेल्या सगळ्या सवलती तिथंच वाहून गेल्या.

उंब्रजकर

जुन्या लॅपटॉपवर चालतो का? डेडिकेटेड ग्राफिक्स कार्ड नाही.

कराडी_अस्वल

चालतो. मागणी २ जीबी रॅम आणि इंटेल एचडी ४००० एवढीच, जागा सव्वा जीबीच्या आसपास. एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही. लाइटीचा भरवसा नसेल तर उठताना मेनूतून 'सेव्ह अँड क्विट' करा, त्याच खोलीत परत सुरू होतो.

तासगावची_बेदाणा_ताई

स्टॅमिनाबद्दल (भिंत धरून राहायच्या ताकदीबद्दल) कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. नव्या खेळाडूचा सगळ्यात मोठा घोळ तिथं असतो.

आत ११० चा हिशेब आहे. नुसतं लटकून राहिलात तर सेकंदाला १० जातात, म्हणजे ११ सेकंद. वर चढत राहिलात तर सेकंदाला पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे अडीच सेकंदांच्या आत खेळ खलास. पकड धरून भिंतीवरून सरळ वर उडी घेतली की प्रत्येकी २७.५, अशा चारच. २० च्या खाली गेलं की मॅडलीन लाल लुकलुकायला लागते.

यातून काय घ्यायचं? विचार करायला थांबायचं तर लटकून थांबा, ते स्वस्त आहे. सरकत चढू नका. आणि भिंतीला धरून न ठेवता, कुठलीही दिशा न दाबता नुसती उडी मारली, तर स्टॅमिना शून्य खर्च होतो. उडी मारा, हवेत पुन्हा भिंतीकडं दिशा दाबा, टेकताच दिशा सोडा, पुन्हा उडी. दरवेळी थोडी उंची मिळते. दिशा सोडायची विसरलात तर उलट्या भिंतीकडं फेकले जाता किंवा होतं तिथंच राहता. ही लय आली की तिसऱ्या-चौथ्या चॅप्टरातल्या बऱ्याच भिंती नुसत्या वाट बनतात.

हिरवा स्फटिक डॅशबरोबर स्टॅमिनाही भरतो. पण डॅश शिल्लक असेल आणि स्टॅमिनाही २० च्या वर असेल तर तो फुटतच नाही, तुम्ही त्यातून नुसते जाता. आणि फुटलेला स्फटिक अडीच सेकंदांनी परत येतो. काही खोल्यांत स्ट्रॉबेरीसाठी हीच वाट बघायची असते, लटकून.

विट्याची_वीट

ताई, हे चिकटवून ठेवण्यासारखं आहे. वाचनखूण साठवली.

माझी तक्रार मात्र खेळाबद्दल आहे. पाचवा चॅप्टर मला पटत नाही. आरशाचं देऊळ अंधारं, वाट फुटलेली, कुठल्या खोलीतून आलो ते समजत नाही. प्लॅटफॉर्म खेळात पुढं काय ते दिसायला पाहिजे. पहिल्या चॅप्टरमध्ये एका नजरेत अख्खी खोली वाचता येते: कुठं टेकायचं, कुठं मरायचं. पाचव्यात तो करार मोडतो. लाल बुडबुडा तुम्हाला घेऊन सुटला की भिंत लागेपर्यंत थांबत नाही, आणि भिंत अंधारात.

पिक्सेलपंत (सातारा)

लाल बुडबुड्यातून मध्येच डॅश मारून बाहेर पडता येतं. भिंतीची वाट बघायची गरज नाही. हे ज्याला माहीत नाही त्याला तो चॅप्टर दुप्पट वाईट वाटतो. हिरव्या बुडबुड्यातही लोक उगाच थांबतात: आत शिरल्यावर तो पाव सेकंदानं आपणहून सुटतो, पण डॅश दाबला तर लगेच. दिशा आधीच धरून ठेवा.

बाकी अंधाराचं पटलं. थिओचा (मॅडलीनच्या मित्राचा, तो आत अडकलेला) स्फटिक उचलून न्यायचा भाग मला उलट आवडतो. तो हातात असताना चढता येत नाही आणि तो फुटला तर तुम्हीही मरता, त्यामुळं आधी फेका, मग स्वतः जा, असा उलटा विचार करावा लागतो. खाली दाबून पकड सोडली तर तो फेकला न जाता पायाशी ठेवला जातो. दरवाजाच्या बटणापाशी हे लागतं.

वाईकर_घाटावरचा

चौथ्याचं वारं हा खरा विषय आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहिल्यासारखं, एक पाऊल टाकायला दोन पावलांचा जोर. पण त्याच्या खाचा आहेत. डॅश चालू असताना वारं लागत नाही. जमिनीवर खाली बसलात तर वाऱ्यानं सरकत नाही. म्हणजे उलट्या वाऱ्यात क्रम असा: बसा, उठता-उठता उडी, उडीच्या शेंड्याला डॅश, पुढच्या फळीवर टेकताच पुन्हा बसा. लोक उडीच्या सुरुवातीलाच डॅश मारतात आणि उरलेला अर्धा पल्ला वारं मागं ढकलतं.

ढगांवर उडी लवकर दाबू नका. ढग आधी दबतो, मग वर येतो. वर येताना उडी दाबली तर त्याचा जोर मिळतो. गुलाबी ढग एकदाच.

कृष्णाकाठचा_गडी (सांगली)

ढगासारखंच पहिल्या चॅप्टरच्या दोरीवरून धावणाऱ्या ठोकळ्याचं. तो धावत असतानाच उडी मारायची. सगळे काय करतात, ठोकळा धडकून थांबला की मग उडी मारतात आणि दरी दोन चौकोनांनी हुकते. ठोकळ्याचा वेग उडीत मिसळतो, आणि तो थांबल्यावरही काही फ्रेम उधार राहतो. तेवढ्यात दाबलं तर मिळतो, नंतर नाही. आवाज ऐका: ठोकळा पोचल्याचा 'ठक्' येतो त्याच ठोक्याला उडी. सातव्यात सगळं पुन्हा याच युक्त्यांवर येतं. तिथं ० ते ३००० मीटर, दर ५०० ला एक टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यात जुन्या एका चॅप्टरचं सामान. शेवटच्या टप्प्यात ३० पासून १ पर्यंत झेंडे.

शाहूनगरचा_शंभू

ज्या विषयावर कोणी बोलत नाही तो काढतो. असिस्ट मोड (खेळ सोपा करायची सेटिंग) लावून संपवलेला खेळ संपवलेला धरायचा का? माझ्या मते नाही. अवघडपणा हाच या खेळाचा विषय आहे, डोंगर चढायचा आहे, आणि तुम्ही अमर होऊन चढलात तर कशाला चढलात?

मिरजेची_सतार

शंभू, अमर होणं हा त्यातला एक पर्याय आहे, असिस्ट म्हणजे तेवढंच नाही. वेग १०० वरून १०-१० टक्के कमी करता येतो, ५० पर्यंत. स्टॅमिना अमर्याद करता येतो, हवेतले डॅश वाढवता येतात. हे ठेवलंय ते खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः, नंतर कोणी बाहेरून घुसवलेलं नाही. आणि वेग कमी करून खोली शिकण्याचा उपयोग आहे. ७० वर बटणांचा क्रम बसवा, मग ८०, ९०, १००. क्रम माहीत नसताना पूर्ण वेगात दोनशे वेळा मरणं म्हणजे मेहनत नव्हे, नुसती अंगमेहनत.

शाहूनगरचा_शंभू

७० वर बसवलेली लय १०० वर कामाची नाही. बोटांना वेळ लक्षात राहते, क्रम नाही. शिवाय चौथ्या-पाचव्या वेळी मेल्यावर आपोआप समजतं की चूक कुठंय, तेवढा वेळ तर द्या.

तासगावची_बेदाणा_ताई

हाताच्या दुखण्यामुळं पकड सतत दाबून धरता येत नाही अशी माणसं खेळतात, त्यांचं काय? त्यांच्यासाठी तर असिस्टही लागत नाही. २०२१ च्या सुधारणेपासून पकडीला वेगळा पर्याय आहे: एकदा दाबलं की धरलं, पुन्हा दाबलं की सोडलं. सेटिंगमध्ये बघा. बाकी ज्याचा त्याचा खेळ. फाइलवर असिस्टचा शिक्का दिसतो, कोणी कोणाला फसवत नाही.

शाहूनगरचा_शंभू

पकडीच्या पर्यायाला माझी ना नाही. अमरत्वावर मत तेच.

उंब्रजकर

स्ट्रॉबेरी गोळा कराव्यात का? आणि घेतल्यावर मेलं की परत का जाते?

वाईकर_घाटावरचा

कारण ती घेतली म्हणजे मिळाली असं नाही. ती मागं-मागं तरंगत येते आणि पाय पक्क्या जमिनीला लागल्यावर खात्यात जमा होते. भिंत धरून लटकलात तर जमा होत नाही. त्यामुळं बेरीपर्यंतच्या वाटेइतकीच परतीची वाटही आधी ठरवा. पंखवाली बेरी तुम्ही खोलीत डॅश मारला की उडून जाते. ती खोली तिथपर्यंत बिनडॅशची सोडवायची.

उपयोग म्हणाल तर शेवटच्या स्ट्रॉबेरी पायचा (गोड पदार्थाचा) थाट बदलतो, बस्स. साध्या १७५. सोन्याच्या वगैरे धरून २०२. सोन्याची म्हणजे अख्खा चॅप्टर एकदाही न मरता. पहिल्यांदा खेळताना वाटेत दिसेल ती घ्या, अडली तर सोडा. कॅसेट मात्र सोडू नका, तिच्यानं बी-साइड उघडते. कॅसेटच्या खोलीतले गुलाबी-निळे ठोकळे गाण्याच्या ठेक्यावर आलटून पालटून येतात, डोळ्यापेक्षा कानानं खेळा. मूळ संगीत लीना रेनचं, बी-साइडला वेगवेगळ्या संगीतकारांनी नव्यानं बांधलेलं.

विट्याची_वीट

रंगांबद्दल एक. मॅडलीनचे केस लाल म्हणजे डॅश शिल्लक, निळे म्हणजे संपला, गुलाबी म्हणजे दोन. कोपऱ्यात आकडा नाही, पट्टी नाही, नजर तिच्यावरच राहते. पिक्सेल चित्रकलेतली यापेक्षा नेमकी कल्पना मला दुसरी ठाऊक नाही. केस हा चार-पाच गोळ्यांचा लोंबता पुंजका, पण डॅशच्या दिशेनं ताणला जातो, त्यामुळं कुठं गेलो ते चुकल्यावरही कळतं. ज्यांना लाल-निळा फरक नीट दिसत नाही त्यांनी डॅश भरताना केस पांढरे चमकतात तिकडं लक्ष द्यावं. उलट आठव्यात, कोअरमध्ये, तापलेलं आणि गोठलेलं यांची अदलाबदल इतकी झटपट होते की पार्श्वभूमी डोळ्यावर येते. तिथं सेटिंगमधून स्क्रीनचं हलणं बंद करा.

पिक्सेलपंत (सातारा)

आता फेअरवेल. सप्टेंबर २०१९ ला फुकट आलेला नववा चॅप्टर. माझं मत: अप्रतिम, पण सातव्यानंतर थेट तिकडं जाऊ नका. मध्ये बी-साइड आहेत त्या उगाच नाहीत. तिथं वेव्हडॅश येतो, चक्क स्लाइड दाखवून शिकवतात, तरी लोकांना जमत नाही. का ते सांगतो.

साधं पळणं सेकंदाला ९० पिक्सेल. डॅश २४०. जमिनीवरून आडवा डॅश मारून त्यातच उडी घेतली तर २६०, उंच जाते. तिरपा खाली डॅश मारून जमिनीला लागल्यावर उडी घेतली तर ३२५, पण उंची निम्मी. वेव्हडॅश म्हणजे हा दुसरा प्रकार छोट्या उडीतून सुरू केलेला. पायऱ्या: उडीचं बटण नुसतं टिचकावा, लगेच खाली-उजवा धरून डॅश, जमिनीला घासताना उडी.

चुका तीन. पहिली, उडी मोठी होते, मग डॅश जमिनीला पोचेपर्यंत संपतो. दुसरी, खालचं बटण सोडलं जातं आणि डॅश आडवा जातो. तिसरी सगळ्यात फसवी: उडी फार लवकर दाबली जाते. वेग मिळतो, पण डॅश परत भरत नाही, कारण डॅश सुरू झाल्यापासून ०.१ सेकंद जमीन तो भरून देत नाही. डॅश स्वतः ०.१५ सेकंदाचा. म्हणजे उडी त्या मधल्या फटीत किंवा किंचित नंतर. केसांचा रंग बघा: उडीनंतर लाल असतील तर बरोबर, निळे असतील तर घाई झाली.

कराडी_अस्वल

यात बसून डॅश मारायचं बटणही जोडा. त्याच २०२१ च्या सुधारणेत वेगळं बटण मिळालं. उभी असताना मॅडलीनचा चौकोन ११ पिक्सेल उंच, बसल्यावर ६. काट्यांमधली अरुंद फट आडव्या डॅशनं पार करायची तर हाच मार्ग. मूळ खेळ संपवायला गरज नाही, मॉडमध्ये (चाहत्यांनी बनवलेल्या जास्तीच्या नकाशांत) लागतो.

उंब्रजकर

मॉड कसे टाकायचे? आणि सुरुवात कशानं?

कराडी_अस्वल

ऑलिंपस नावाचा इन्स्टॉलर घ्या. तो एव्हरेस्ट बसवतो, म्हणजे मॉड चालवणारा भाग. त्याआधी सेव्ह फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. मग २०२३ चा स्ट्रॉबेरी जॅम. अनेकांनी मिळून केलेले नकाशे, सोप्यापासून पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला तालमीची वेगळी जागा, जिथं एकेक युक्ती सुटी शिकवतात. सोप्या पायरीलाही मूळ सात चॅप्टर झालेले असावेत. दुसऱ्या पायरीत अडलात तर नकाशा बदला, पायरी नको. एकाच पायरीतले नकाशेही सारखे नसतात.

मिरजेची_सतार

दुसऱ्या चॅप्टरच्या पाठलागाचं राहिलं. ती जांभळ्या केसांची सावली तुमचीच वाट जशीच्या तशी थोड्या वेळानं चालते. म्हणून आल्या वाटेनं परत फिरू नका आणि एका जागी थांबू नका. वळायचंच असेल तर आधी वर जा, मग तिच्या डोक्यावरून मागं या. ती वर येईपर्यंत तुम्ही खाली असता.

शाहूनगरचा_शंभू

बरोबर. आणि स्ट्रॉबेरीसाठी त्या खोल्यांत दोनदा जाऊ नका, एकाच फेरीत घ्या. पुढच्या खोल्यांत तिच्यासारख्या दोन-तीन जणी मागं लागलेल्या असतात.